वऱ्हाडातील ऐकणे

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाविषयी आजवर जे थोडेफार लिहिले गेले आहे, ते मुख्यतः इमारतींविषयी आहे. शाळा केव्हा निघाली, दवाखाना कोणी बांधला, दुष्काळात किती मुले अनाथालयात दाखल झाली, कोणत्या मिशनने कोणता तालुका आपल्याकडे घेतला, अशा नोंदी सापडतात आणि त्या हव्यातच. परंतु ज्या श्रद्धेपोटी ही सगळी खटपट झाली, म्हणजे देव आजही बोलतो आणि साध्या माणसालाही ते ऐकू येऊ शकते ही श्रद्धा, तिचा इतिहास सहसा कोणी मांडत नाही. भक्तीच्या गोष्टी भाविकांनी पाहाव्यात आणि इतिहासकाराने जमिनीचे दस्तऐवज पाहावेत, अशी एक मूक वाटणी आपल्याकडे झालेली दिसते. आम्हांला ती मान्य नाही. देवाचा आवाज कसा ओळखावा हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे आला, त्यांच्यासाठी तो निवांतपणी चघळण्याचा विषय नव्हता. कोणाचे ऐकायचे यावर कोणाचे अन्न, कोणाचा विवाह आणि कोणाची जात अवलंबून होती.

अकोल्याशी या प्रश्नाचा संबंध एका दूरच्या धर्मोपदेशकामुळे जुळतो. ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) हे मूळचे कॅनडातील प्रेस्बिटेरियन पाळक. १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांनी स्थापन केलेल्या दोन संघटना १८९७ मध्ये एकत्र येऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था झाली. मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर हे अमेरिकी जोडपे १८८०च्या दशकापासून अकोल्यात काम करीत होते. पुढल्या दशकाच्या आरंभी ते सिम्प्सन यांच्या कार्यात सामील झाले आणि वऱ्हाड हे अलायन्सचे मराठी क्षेत्र बनले. सिम्प्सन स्वतः १८९३ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले.

या सिम्प्सनांचे ‘द पॉवर ऑफ स्टिलनेस’ नावाचे एक लहानसे पत्रक प्रसिद्ध आहे. त्यात ते आपलाच एक अनुभव सांगतात. एका मित्राने त्यांना एक जुनी पुस्तिका दिली. तिच्यात एकच विचार होता : देव अंतःकरणाच्या तळाशी बोलायला थांबलेला आहे, आपण पुरेसे निश्चल झालो तर त्याचे बोलणे ऐकू येईल. सिम्प्सनांना हे सोपे वाटले. ते बसले मात्र, आणि चहूबाजूंनी हजार आवाज उठले. उद्याची कामे, कालच्या चिंता, मनातले प्रश्न. इतकेच काय, त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनाही त्या गलक्यात सामील झाल्या. एकेका आवाजाला उत्तर देण्याचे त्यांनी सोडून दिले, तेव्हा कुठे हळूहळू आत एक मंद स्वर उमटू लागला. या कथनातली प्रार्थनेची गोष्ट आम्हांला फार मार्मिक वाटते. भक्ताला संसाराची अडचण होते हे सगळेच सांगतात. भक्ताला त्याच्या प्रार्थनेचीच अडचण होऊ शकते, हे थोडेच सांगतात.

या विचारामागे बायबलातील एलिया संदेष्ट्याची कथा आहे. वादळ झाले, भूकंप झाला, अग्नी पेटला, पण त्यांपैकी कशातही देव नव्हता. त्यानंतर जी सूक्ष्म वाणी आली तिच्यात तो होता. उत्तर अमेरिकेतल्या एका कामसू पाळकाने या कथेतून शांततेची साधना काढली आणि ती साधना त्याच्या सहकाऱ्यांच्या सामानातून अकोल्याच्या स्टेशनवर उतरली.

आता ते अकोले कसे होते? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. त्यापुढची कहाणी कापसाची आहे. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, त्यांचे भोंगे आले, अडते आणि दलाल आले. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या गावांची हवा हंगामात सरकीच्या धुळीने भरून जायची. घरात म्हणावे, तर पहाटे जात्याची घरघर, मग पाण्याची खेप, मग चूल, मग शेत किंवा जिन. एका खोलीत तीन पिढ्या निजत असत तिथे ‘एकांतात बसा’ हा उपदेश कोणत्या कोपऱ्यात बसून पाळायचा? मिशनच्या बंगल्याला व्हरांडा होता, अभ्यासिका होती, दुपारची निजानीज होती. आम्ही हे उपहासाने म्हणत नाही. फुलर दांपत्याने काढलेले कष्ट खरे होते; जेनी फुलर १९०० मध्ये याच देशात वारल्या, आणि हेलन डायर यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राच्या शीर्षकात मुंबईबरोबर अकोल्याचेही नाव आहे. मुद्दा एवढाच, की शांतता हीदेखील एक मालमत्ता असते. ज्याच्याकडे खोली आणि वेळ आहे त्याच्याकडे ती असते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्याशी देव बोलत नाही काय?

हा प्रश्न मराठीत विचारला, की तो वेगळेच वळण घेतो. याला कारण आपले एक साधे क्रियापद आहे. ‘ऐकणे’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. कानावर पडलेले ग्रहण करणे हा एक, आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. ‘पोरगं ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा पोराच्या कानांची तक्रार नसते. वऱ्हाडीत हेच ‘आयकत नाही’ असे होते आणि त्यात आज्ञाभंगाचा राग जास्तच स्पष्ट असतो. बायबलाच्या जुन्या कराराची भाषा जी हिब्रू, तिच्यातही ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांना एकच धातू पुरतो, हा योगायोग मराठी ख्रिस्ती वाचकाला फार जवळचा वाटावा. इंग्रजीत हे दोन व्यवहार वेगळ्या शब्दांनी दाखवता येतात, म्हणून तिथे ‘ऐकणे’ ही अंतर्मुख साधना बनू शकते. मराठीत ऐकण्याला ताबडतोब हातपाय फुटतात. आणि त्याचबरोबर एक धोकाही उत्पन्न होतो, त्याकडे आम्ही पुढे येऊच.

शिवाय आपल्याकडे श्रवण ही एकट्याने करायची गोष्ट कधीच नव्हती. नवविधा भक्तीत पहिला क्रमांक श्रवणाचा, पण ते श्रवण सभेतले. पुराणिक सांगतो, श्रोते ऐकतात, मध्येच मूल रडते, कोणी पेंगतो, कोणी उठून जातो आणि कथा चालू राहते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभच मुळी या परंपरेत झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यातील सुमारे अकरा हजार ओव्या एकांतवाचनासाठी नव्हत्या, सासष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ऐकवण्यासाठी होत्या. स्टीफन्स जेझुइट होते. त्यांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती देवाची आणि कोणती नव्हे हे पारखण्याचे नियमच घालून दिले होते. म्हणजे एकीकडे चित्ताची बारीक पारख आणि दुसरीकडे भरल्या सभेतले श्रवण, या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या हाती आल्या होत्या. वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा हा वारसा त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. अमरावतीचे कॅथलिक धर्मप्रांत तर फार नंतर, १९५५ मध्ये, स्थापन झाले.

परिसरही पाहावा. ज्या काळात अकोल्यात अलायन्सचे काम वाढत होते, त्याच काळात अमरावती जिल्ह्यात माधान येथे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) राहत होते. तान्हेपणीच दृष्टी गेलेला हा माणूस सगळे ग्रंथ कानांनी वाचत असे. कोणीतरी वाचून दाखवायचे आणि त्यांनी ते मनात साठवायचे. प्रत्यक्ष ज्ञानेश्वरांचा आपल्यावर अनुग्रह झाला असे ते सांगत, आणि त्यांच्या भोवतालच्या लोकांना ते अशक्य वाटत नसे. याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत; कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे बकरे कापावे काय, असे प्रश्न. तेव्हा अदृष्टाचा आवाज ऐकू येतो हे सांगण्यासाठी वऱ्हाडात कोणी समुद्रापलीकडून येण्याची गरज नव्हती. नवे होते ते हे, की हा आवाज प्रत्येकाने स्वतः ऐकावा, आणि ऐकून झाल्यावर आपले आयुष्य त्याच्यावर पैजेला लावावे.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी ही गोष्ट फारच निकडीची केली. दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले. अलायन्सच्या अनाथालयांत, अकोल्याला मुलगे आणि खामगावला मुली, अशी दुष्काळातली पोरे आली. त्यांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले आणि त्याबरोबर एक नवा देव मिळाला. आता मघाशी सांगितलेला धोका पाहा. ज्या भाषेत ‘ऐकणे’ म्हणजे आज्ञा पाळणे, त्या भाषेतल्या अनाथ मुलाला ‘देवाचे ऐक’ असे सांगितले तर त्याला नेमका कोणाचा आवाज ऐकू येणार? भाकर देणाऱ्याचा. बायबलातील लहानग्या शमुवेलाची कथा या मुलांनी नक्कीच ऐकली असेल, कारण ती प्रत्येक रविवारच्या शाळेत सांगितली जाते. रात्री मंदिरात निजलेल्या मुलाला हाक येते. म्हाताऱ्या एली याजकानेच बोलावले असे समजून ते तीनदा त्याच्याकडे धावते. या कथेत एलीचा मोठेपणा असा, की तिसऱ्या खेपेला त्याला उमगते आणि तो मुलाला सांगतो, हाक माझी नव्हे. आणि त्या मुलाला सकाळी जे सांगावे लागते ते एलीच्याच घराण्याविरुद्ध असते. कथेचा हा उत्तरार्ध मुलांना बहुधा सांगत नाहीत! कोणत्याही धर्मसंस्थेच्या आश्रयाला आलेल्या मुलांच्या बाबतीत आम्हांला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ‘हाक माझी नव्हे’ असे सांगणारा एली तिथे होता काय?

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते त्या पंडिता रमाबाई. त्यांचे केडगाव वऱ्हाडात नाही. तथापि वऱ्हाडातील मिशनऱ्यांशी त्यांचे धागे घट्ट होते. जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेल्या ‘द रॉंग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ (१९००) या पुस्तकाला प्रस्तावना रमाबाईंची आहे. आणि पूर्वी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, काम केलेले अल्बर्ट नॉर्टन पुढे केडगावच्या शेजारी दौंड येथे मुलांचे अनाथालय चालवू लागले आणि रमाबाईंच्या मुक्ती सदनाचे नित्याचे पाहुणे झाले.

रमाबाईंविषयी एक गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. त्यांना ऐकू कमी येत असे. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या, आणि ज्या कारणाने ते शिक्षण त्यांना सोडावे लागले ते म्हणजे हे वाढते बहिरेपण. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरच्या दोनेक वर्षांत सिस्टर जेराल्डाइन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला), तो आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाने धर्मविषयक अधिकारावर केलेला सर्वांत तल्लख वाद आहे. सिस्टरचे म्हणणे, नवशिक्याने चर्चचे ऐकावे. रमाबाईंचे म्हणणे, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटून आले ती दुसऱ्याच्या जोखडात मान देण्यासाठी नव्हे; देवाने मला सदसद्विवेक दिला आहे. म्हणजे ‘ऐकणे’ या शब्दाचे दोन अर्थ इथे त्यांनी शांतपणे वेगळे केले. बाहेरच्या कानांनी कमी ऐकणाऱ्या या बाईला कोणाचे ऐकायचे नाही हे पक्के ठाऊक होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे आपल्या १९०७ मधील आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिकडे जाऊन मुलींना वाचवावे अशी देवाची आज्ञा आपल्याला झाली, असे रमाबाई सांगत. त्यांनी स्वतः बालपणी दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावली होती, तेव्हा ही आज्ञा स्मृतीच्या तळातूनच आली असे कोणी म्हणेल. म्हणो. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. आवाज कोठून आला याचा वाद आपण घालू शकतो. मुलींची संख्या वादातीत आहे.

मग १९०५ साल. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला सांगितले. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जमू लागल्या. २९ जूनच्या रात्री मुलींच्या निजायच्या खोलीत एका मुलीला आपले सर्वांग पेटल्यासारखे झाले. दुसरीने ज्वाळा पाहिल्या आणि ती विझवायला पाण्याची बादली आणण्यासाठी धावली; ओतणार एवढ्यात लक्षात आले, की आग लागलेली नाही. त्या काळच्या वृत्तांतांत हा प्रसंग चमत्कार म्हणून येतो. आम्हांला त्यातली बादली महत्त्वाची वाटते. आग दिसली की पाणी आणायचे, हे त्या मुलीचे रोजचे शहाणपण दिव्य अनुभवाच्या क्षणीही जागे होते.

त्यानंतर मुक्तीत जे सुरू झाले ते सिम्प्सनांच्या निश्चलतेच्या नेमके उलट होते. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येकजण आपापली प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. पाहायला आलेल्या काही गोऱ्या पाहुण्यांना हा कल्लोळ सहन झाला नाही. शिस्त कोठे आहे, शांती कोठे आहे, असे त्यांनी विचारले. रमाबाईंनी तो कल्लोळ थांबवला नाही, उलट त्याची बाजू घेऊन लिहिले. थोडा विचार केला तर यात नवल नाही. शेकडो मुली एका छपराखाली निजतात, दळतात, विणतात, छापखाना चालवतात, तिथे एकांत कोणाला मिळणार? पण सगळ्याच एकदम बोलू लागल्या, की एक विलक्षण गोष्ट घडते : कोणाचे बोलणे कोणाला कळत नाही. विधवेने, पळवून आणलेल्या मुलीने, उपासमारीत भावंड टाकून आलेल्या पोरीने जे दुसऱ्या कोणाच्या कानी पडू नये असे आयुष्यभर दाबून ठेवले, ते त्या गजरात मोठ्याने उच्चारता येते. गर्दीतला गोंगाट हीच तिची एकांताची खोली. जवळजवळ बहिऱ्या असलेल्या संस्थापिकेला त्या आवाजाची भीती वाटली नाही, हेही ओघानेच आले.

या लाटेचे पडसाद वऱ्हाडातील आणि गुजरातेतील अलायन्सच्या ठाण्यांवरही उमटले. नॉर्टन यांनी तर मुक्तीत इंग्रजी न येणाऱ्या बाईला इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकल्याची साक्ष लिहून ठेवली आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी असे वाटल्यावाचून राहत नाही, की दैवी वाणी ऐकायला गेलेल्या माणसाला ती आपल्या मातृभाषेत ऐकू आली. सिम्प्सन स्वतः या नव्या भाषादानाबद्दल सावध राहिले. ते नाकारायचे नाही, पण तोच आत्म्याचा एकमेव पुरावा मानायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. रमाबाईंनी याहून वेगळा मार्ग धरला. त्यांनी मुलींना वाचायला शिकवले, आणि हिब्रू व ग्रीक स्वतः शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले.

आमच्या मते रमाबाईंच्या उत्तराचा गाभा इथे आहे. आवाज ऐकू आला असे म्हणणाऱ्या प्रत्येकीने तो पडताळून पाहायचा, आणि पडताळ्यासाठी ग्रंथ तिच्याच हातात हवा. पंडिताच्या नव्हे, मिशनरीच्या नव्हे, खुद्द रमाबाईंच्याही नव्हे. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना खटकत, कारण ते केडगावच्या मुलीला कळत नसत. जिला पुराणे मुखोद्गत होती अशा पंडितेने संस्कृत बाजूला ठेवणे हा त्याग लहान नव्हे. टंक जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतील बायकाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तोवर त्यांचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मंडळ्यांमध्ये तो रूढ झाला नाही. तिथे बायबल सोसायटीचीच भाषांतरे चालत राहिली.

वऱ्हाडातील उपासनेत जी मराठी प्रत्यक्ष घुमली ती रेव्ह. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९). ‘उपासना संगीत’ हा मराठी मंडळ्यांचा गीतसंग्रह. त्यातली कितीतरी गीते टिळकांची आहेत आणि त्यांचा घाट अभंगाचा, भजनाचा आहे. टिळकांना हाक आली तीही कोलाहलात : १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात. एका युरोपीय सहप्रवाशाशी काव्याच्या गप्पा निघाल्या, त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्या माणसाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई अधिक शिकवतात. सोवळ्याचे वेड असलेल्या बापाच्या घरी वाढलेली ही बाई. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा ताटातूट, आजार, लोकांचे बोल हे सगळे तिने भोगले, पण त्याच्या मागून डोळे मिटून गेली नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात त्याप्रमाणे निर्णायक विचार त्यांच्या मनात आला तो राहुरीला, जातीविषयी : हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले आहेत. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. प्रकाश नाही, ज्वाळा नाहीत, प्रश्न पाण्याच्या तांब्याचा. ऐकण्याचे दोन्ही अर्थ इथे एका क्षणात भेटतात, आणि आवाज खरा होता की नाही हे ठरले ते पुढच्या जेवणाच्या वेळी.

टिळकांना पुढे, १९१७ मध्ये, आणखी एक हाक ऐकू आली. त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार ओसरला. १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो नंतर ऑक्सफर्ड ग्रुपच्या चळवळीत गेले. सकाळी वही घेऊन शांत बसायचे, मनात येईल ते लिहायचे, आणि प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता व प्रेम या कसोट्यांवर ते घासायचे, ही त्या चळवळीची रीत. पद्धत उपयुक्त आहे, परंतु तिला पुन्हा वही लागते, पेन्सिल लागते आणि रिकामी सकाळ लागते.

वऱ्हाडात शांतता आलीच नाही असे मात्र नाही. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या गुरुकुंज मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीला दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय मौन पाळून उभा राहतो. अमरावती-नागपूर रस्त्यावरचे ते गाव त्या क्षणी थांबते. ख्रिस्ती साधनेशी त्याचा थेट संबंध नाही. पण वऱ्हाडी माणसाला निश्चलता साधते तेव्हा ती अशी, खांद्याला खांदा लावून, हे नोंदवण्याजोगे आहे.

ख्रिस्ती बाजूला ऐकण्याचा विषय पुढे पाठ्यक्रमात गेला. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तीस वर्षे देशभरातील विद्यार्थी त्या गावात हिब्रू-ग्रीक शिकत होते, आणि १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. मागे उरली ती घरची प्रार्थना. अकोला-अमरावतीच्या ख्रिस्ती घरांत ती दिवेलागणीनंतर होते. आजी उताऱ्याचे पान काढते, वाचायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे असते, त्याचे उच्चार कोणीतरी सुधारते. कुकरची शिटी होते, बाहेर मिरवणुकीचा ढोल वाजतो, उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत वाचणाऱ्याचे निम्मे शब्द बुडतात. मग सगळे टिळकांचे एखादे भजन म्हणतात. शेवटी आजी एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करते, आणि ज्याचे नाव येते तो, मोबाइल हातात असला तरी, मान खाली घालतो.